टाच उठायच्या आधी

टाच उठली, पण उशिरा. बेसबॉलच्या बॅटचा आवाज झाला आणि चेंडू सेंटरफिल्डरच्या, म्हणजे मधोमध मागे राखणाऱ्याच्या, डोक्यावरून मागच्या भिंतीकडे जाणार हे मर्ल स्टॅडलरच्या उजव्या टाचेला नेहमीप्रमाणे त्याच्याआधी कळलं. ती बुटातल्या बुटात वर आली आणि त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं, की खाली मैदानातला पोरगा आधीच निघालेला आहे. गॅसवरचं दूध उतू जायला आलं की माणूस जातो तसा पोरगा पाठ फिरवून सरळ भिंतीपर्यंत गेला, वळला आणि उभा राहिला. चेंडू त्यानंतर आला. त्याने तो छातीशी घेतला आणि आत फेकून दिला. टाळ्या पडल्या नाहीत. पडाव्यात असं काही झालंच नव्हतं. भिंतीजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे चेंडू आला आणि त्याने तो झेलला, यात मोठंसं काय? पण पहिल्या बेसच्या बाजूला, वरच्या रांगेत, गवती हॅट घालून बसलेल्या मर्लला एकदम गार वाटलं. जुलैची संध्याकाळ होती, शर्ट पाठीला चिकटला होता, तरी गार वाटलं.

ही टाच म्हणजे त्याची सगळी विद्या होती. तरुणपणी तो स्वतः सेंटरला उभा राहायचा. बॅट चालली नाही म्हणून वर, मोठ्या संघात, गेला नाही, पण पाय कुणाच्या बापाला ऐकत नव्हते. खेळणं सुटलं आणि मोठ्या क्लबाने त्याला खालच्या पायरीवरची पोरं पारखायला गावोगाव पाठवायला सुरुवात केली, तेव्हा त्याला शोध लागला की शरीर काही निवृत्त झालेलं नाही. स्टँडमध्ये बसला तरी बॅटचा आवाज झाला की टाच उठायची आणि चेंडू जाणार तिकडे वळायची. मग त्याने तिलाच कामाला लावलं. बाकीचे पारखी पळण्याचा वेग मोजत, फेक मोजत, घड्याळं दाबत. मर्ल पोराचं पहिलं पाऊल आणि आपली टाच एवढंच बघायचा. पोरगा टाचेनंतर निघाला तर कच्चा, टाचेबरोबर निघाला तर मोठ्या मैदानावर उभा राहील असा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. सांगितलं असतं तर लोक हसले असते, आणि हसणाऱ्यांना मागाहून समजावत बसण्याइतका उत्साह त्याच्यात कधीच नव्हता. इतक्या वर्षांत टाचेच्या आधी कुणीही निघालं नव्हतं. आज हा निघाला होता.

"काय मर्लबुवा, भूत पाहिलंत की काय?" शेजारी बसलेल्या साल डिनुचीने भुईमुगाची टरफलं पायाखाली टाकत विचारलं. साल दुसऱ्या क्लबाचा पारखी. दोघं वर्षानुवर्षं एकमेकांच्या शेजारी बसत आणि एकमेकांना एक अक्षरही खरं सांगत नसत.

"पाय आखडलाय."

"वय झालं तुझं. घरी जा, टोमॅटो लाव." सालने डोळे मिचकावले. "त्या सेंटरवाल्या टॉलिव्हरला बघायला आलायस ना?"

"पिचरला बघतोय." मर्लने मधे चेंडू टाकणाऱ्याकडे हनुवटी केली.

"हो रे बाबा, आपण सगळेच पिचरला बघतो. तुला एक सांगतो, फुकट. ह्या पोराचं काही खरं नाही. यांच्या क्लबाने कॉलेजातून एक सेंटरवाला आणलाय, गोरागोमटा, पोतंभर पैसे मोजून. तो ऑगस्टमध्ये इथे येतोय. हा गेला मग. सप्टेंबरला घरी. मॅनेजरच म्हणाला मला, बिअर पिता पिता. तोंडात सॉसेज कोंबून सांगितलं मेल्याने, पोराला घरी पाठवणार म्हणून."

मर्लला हे ठाऊक होतं, म्हणून तर तो आला होता. डेकर गावच्या या बुलफ्रॉग्ज संघाच्या मालक क्लबाला मर्लच्या क्लबाकडचा एक जुना पिचर हवा होता आणि बदल्यात ते खालच्या फळीतला एक पोरगा द्यायला तयार होते. कोणता, ते मर्लच्या क्लबाने उद्या दुपारी बारापर्यंत सांगायचं होतं. दोन नावं उरली होती. एक दूर दुसऱ्या गावात खेळणारा शॉर्टस्टॉप, म्हणजे पुढे बेसजवळ राखणारा, दुसरा हा एझ्रा टॉलिव्हर. मर्लच्या क्लबाला सेंटरला माणूस नव्हता. एझ्रा तिकडे गेला तर दोन वर्षांत वर उभा राहील. इथेच राहिला तर सप्टेंबरात घरी, मिसिसिपीत कुठेतरी कापसाच्या गोदामात नाहीतर पेट्रोल पंपावर. आणि ते ठरणार होतं मर्लच्या एका शब्दावर, म्हणजे खरं तर एका टाचेवर, जिच्याबद्दल दुनियेत कुणालाच माहीत नव्हतं.

आनंद व्हायला हवा होता. असा पोरगा आयुष्यात एकदा दिसतो म्हणतात, आणि तो दिसला होता. पण साठीच्या माणसाला आनंदाआधी शंका येते. पोरगा आधी निघाला, की टाच उशिरा उठली? दोन्ही गोष्टी दिसायला अगदी एकसारख्या. मर्लने हॅट काढली, पुन्हा घातली. मागे स्पीकरवर कसलातरी बाजा वाजत होता, खाली संघाचं सोंग म्हणून बेडकाचा पोशाख घातलेला एक माणूस लहान मुलांना मिठ्या मारत फिरत होता, आणि मर्लला आर्डिथचं बोलणं आठवत होतं. लग्न झाल्यापासून ती म्हणायची, तू झोपेत लाथा मारतोस, घोड्याशी लग्न केलं असतं तर परवडलं असतं. झोपेतसुद्धा तो चेंडूमागे जात असणार. यंदाच्या वसंतात सकाळी अंडी परतताना ती पाठमोरीच म्हणाली होती, "हल्ली तू लाथ मारत नाहीस हं. बरं झालं बाई, आता कुठे मला झोप लागते." त्याने तेव्हा टोस्टला लोणी लावलं होतं आणि त्यालाही बरं वाटलं होतं.

एकच उपाय होता, दुसऱ्या कुणावर तरी टाच तपासून पाहायचा. लेफ्टला, म्हणजे मागे डाव्या अंगाला, डॉयल टिबेट होता. त्याला मर्ल ओळखत होता, सगळेच ओळखत. आडवा, जाड मांड्यांचा, बायको-लेकरू असलेला बाप्या, बॅट बरी पण पाय सिमेंटचे. गेल्या वर्षी याच मैदानावर मर्लने पाहिलं होतं, चेंडू अर्ध्या वाटेवर आला की डॉयलला बातमी लागायची. टाच उठून खाली बसली तरी हा जागेवरच. अशा माणसावर टाच चुकणं शक्य नव्हतं. मर्ल एझ्रावरची नजर काढून डॉयलकडे बघत बसला. दोन डाव तिकडे काही गेलंच नाही. मग एक खालचा, घसरता फटका लेफ्टच्या पुढ्यात पडायला निघाला. टाच उठली. डॉयल टिबेट आधीच पुढे पळत होता.

डॉयलने तो चेंडू गुडघ्यापाशी घेतला आणि लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. सालनेसुद्धा तोंडातला दाणा चावायचा थांबवला. "अरे, हा जाड्या कधीपासून पळायला लागला?"   सिमेंटचे पाय मर्लच्या टाचेच्या पुढे गेले होते. म्हणजे टाच गेली. कधी गेली, कुठल्या गावात, कुठल्या मैदानावर, काही कळलं नव्हतं. दात पडला तर निदान हातात तरी येतो. पाहुण्या संघाचे तीन फिल्डर होते, त्यांच्यावरही पाहता आलं असतं. शहाण्या माणसाने ते आधी केलं असतं. पण डॉक्टरने एकदा सांगितल्यावर दुसऱ्या डॉक्टरकडे जायचा धीर काहींना होतो, काहींना होत नाही, आणि मर्ल दुसऱ्या जातीचा होता. सहावा डाव चालू असताना तो उठला. "पिचर झाला वाटतं बघून," साल म्हणाला. मर्लने हात हलवला.

मोटेलच्या खोलीत पडद्यांना जुन्या सिगारेटींचा वास होता. अशा खोल्यांत त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि त्यांतली एकही त्याला वेगळी अशी आठवत नव्हती. बूट काढून त्याने उजवा पाय मांडीवर घेतला आणि टाचेकडे पाहत बसला. भेगा पडलेली, पिवळट, कुणाही म्हाताऱ्याची असते तशी टाच. तिच्यावर विश्वासून त्याने किती पोरांना हो म्हटलं आणि किती पोरांना नाही. त्याला स्वतःला नाही म्हटलं गेलं ती दुपार त्याला आठवली. मॅनेजर खुर्चीत बसून पायाची नखं कापत होता. मर्लला समोर उभं करून, मान वर न करता तो म्हणाला, "पोरा, पाय चांगले आहेत तुझे. पण खेळ पायांनी नाही खेळत." आणि एक नख उडून मर्लच्या बुटावर पडलं. ते नख झटकावं की नाही, याचाच तो विचार करत राहिला होता. बाहेर आला तेव्हा त्याचं कपाट कुणीतरी रिकामं करून सामान पिशवीत भरून ठेवलेलं होतं. त्या दिवसाचा राग त्याला पुढे कधी आला नाही, फक्त दमल्यासारखं झालं, आणि ते दमणं बहुतेक अजून उतरलेलं नव्हतं. एझ्रालाही असंच कुणीतरी समोर उभं करील. सप्टेंबरची ऊन उतरलेली दुपार असेल, मॅनेजर सॉसेज खात असेल.

सकाळी त्याने रस्त्यालगतच्या खाणावळीत कॉफी घेतली, चेरी भरलेली पेस्ट्री खाल्ली, नुसती गोड. वेट्रेसने विचारलं, "आणखी देऊ का, राजा?" तर त्याला एकदम रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून तो पटकन नको म्हणाला. काय सांगायचं? टाच गेली, मला आता काही कळत नाही, हे सांगायचं? पारख्याने 'मला कळत नाही' म्हटलं की कचेरीत त्याचा अर्थ 'नाही' असा घेतात, आणि पुढच्या वर्षी त्याला टोमॅटो लावायला पाठवतात. पोराचंही भलं नाही आणि आपलंही नाही. मग हो सांगायचं? पण कशाच्या जोरावर? डॉयल टिबेटही टाचेच्या आधी निघतो, मग त्यालाही हो सांगायचं का? आयुष्यभर त्याने एक गोष्ट पाळली होती, जेवढं दिसलं तेवढंच बोलायचं. पोराच्या प्रेमात पडून बोलणारे पारखी त्याने पाहिले होते. त्यांना शेवटी कुणी विचारत नाही. एझ्राची पळण्याची ढब, भिंतीपाशी वळून ते उभं राहणं मनात येई आणि आत काहीतरी हलत असे. पण हलतंय म्हणूनच त्याला त्याची भीती वाटली.

बारा वाजायच्या आधी त्याने खाणावळीबाहेरच्या फोनवरून कचेरीत फोन लावला. कीटिंग त्याच्या मुलाच्या वयाचा होता, पण नीट बोलायचा.

"बोला मर्ल. हो की नाही?"

"पळतो चांगला. फेक बरी आहे. बॅट सुधारेल."

"ते माहितीय हो मला, ते सगळेच सांगतात. पहिलं पाऊल कसं आहे? त्यासाठीच तर तुम्हाला पाठवलं."

समोरच्या रस्त्यावरून दुधाचा ट्रक गेला. तो पुरता जाईपर्यंत मर्ल थांबला.

"साधारण," तो म्हणाला.

"साधारण. बरं. मग आपण तो शॉर्टस्टॉपच मागतो. थँक यू मर्ल, काम सोपं केलंत."

फोन ठेवल्यावर त्याला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज वाटली, आणि मग तीही फार वेळ टिकली नाही. संध्याकाळी त्याला खरोखरच एका पिचरला बघायचं होतं. दुसरीकडे जायला जागा नव्हती म्हणून तो दुपारीच मैदानावर जाऊन बसला. गवतावर पाणी मारणं चालू होतं. खेळाडू यायला अजून अवकाश होता. फक्त एझ्रा टॉलिव्हर एकटाच भिंतीवर चेंडू आपटून झेलत होता. मर्लला बघून तो पळत कठड्याशी आला. जवळून पाहिलं तर फारच लहान, गालावर पुटकुळ्या, दातांत फट. खेळाडूंशी बोलायचं नाही हा पारख्यांचा रिवाज, पण उठून जावंसं वाटेना.

"सर, तुम्ही काल पण होतात ना? गवताची टोपी असली की कळतं आम्हाला." पोराने आवाज खाली आणला. "सर, कुणाला बघायला आलात? नका सांगू वाटल्यास. पण सांगा ना!"

पिचरला, असं म्हणायचं असतं. प्रत्येक पारखी प्रत्येक पोराला तेच सांगतो. पण त्या तोंडाकडे बघून मर्लला ते शिळं खोटं बोलवेना, आणि खरं सांगणं तर शक्यच नव्हतं.

"लेफ्टला," तो म्हणाला.

"डॉयलला?" पोराने कठड्यावर दोन्ही हात आपटले. "मी म्हटलंच होतं त्याला! म्हटलं, डॉयल, ती टोपी तुझ्यासाठी आलीय. तो म्हणतो, चल फुट, माझ्यासाठी कोण येतंय. सर, काल तो खालचा बॉल बघितलात ना? कसला निघाला! गेल्या वर्षी त्याला नुसतं उभं राहता यायचं. आता आम्ही दोघांनी बसवलंय ते."

"बसवलंय म्हणजे?"

"मी हाक देतो त्याला. 'किचन' म्हटलं की पुढे, 'अंगण' म्हटलं की मागे. तो विचार करत नाही, ऐकलं की पळतो. डॉयलला विचार करायला लावला की संपलं."

मर्लने हॅट काढून मांडीवर ठेवली. "हाक कधी देतोस? फटका बसल्यावर?"

"नाही हो सर, बसल्यावर कसलं? तोवर उशीर होतो." हे सगळ्यांनाच माहीत असणार अशा समजुतीने पोरगा बोलत होता. "पिचरचा बॉल कुठे येणार ते बॅटमागे बसलेल्या कॅचरच्या हातावरून दिसतं ना. आणि बॅटवाल्याचा पुढचा गुडघा. गुडघा आधी उघडला की चेंडू डॉयलकडे, मिटलेला राहिला की माझ्याकडे. बॅट लागते नंतर. तुम्ही तर जास्त बघितलं असेल सर, असंच असतं ना?"

असं नसतं. मर्लने इतक्या वर्षांत असं कुणाला करताना पाहिलं नव्हतं, त्याला स्वतःला कधी जमलं नव्हतं, त्याच्या टाचेलाही नाही. टाच आवाजावर उठत होती. हा पोरगा आवाजाची वाटच बघत नव्हता, आणि वर दुसऱ्याचे पायही हलवत होता. काल सिमेंटचे पाय निघाले ते या पोराच्या तोंडून निघाले होते, आणि वरच्या रांगेत बाजा ऐकत बसलेल्या म्हाताऱ्याला त्यातलं काही ऐकू येणार नव्हतं. "थांब जरा," मर्ल म्हणाला, "मला एक फोन करायचाय." तो उठला तेव्हा पोराचा चेहरा असा उजळला, की मर्लला मान वळवावी लागली.

तिकिटांच्या खिडकीशेजारी फोन होता. नाणं दोनदा खाली पडलं.

"कीटिंग, मी मर्ल. टॉलिव्हर घ्या. शॉर्टस्टॉप सोडा, टॉलिव्हर घ्या. मी चुकलो."

 कीटिंग म्हणाला, "मर्ल, ते झालं. तुम्ही ठेवलात आणि मी लगेच तिकडे लावला. नावं गेली, त्या शॉर्टस्टॉपला विमानाचं तिकीटही गेलं."

"फिरवता येत नाही?"

"कसं फिरवणार? आणि खरं सांगू का, दुसरा कुणी असता तर मी अर्धा तास थांबलो असतो, आणखी एकाला विचारलं असतं. पण मर्ल साधारण म्हणाला म्हणजे साधारण. तुमच्यामागून आम्ही इथे कुणाला विचारत नाही."

"हो," मर्ल म्हणाला. मग म्हणाला, "सप्टेंबरात ते त्याला सोडतील. तेव्हा तरी उचला."

"बघतो. तोवर कोण कुठे असेल, देव जाणे. तुम्ही ठीक आहात ना? आवाज दमल्यासारखा येतोय."

तो परत आत आला तेव्हा मैदान भरायला लागलं होतं. डॉयल टिबेट लेफ्टला उभं राहून दंड ताणत होता आणि एझ्रा त्याच्याभोवती नाचत होता. मर्ल कठड्याशी थांबला. तसंच मागे फिरून गाडीत बसता आलं असतं, पण पोराने त्याला पाहिलं होतं आणि तो पळत येत होता.

"केलात फोन? सांगितलंत त्यांना?"

मर्लने मान हलवली. हो, सांगितलं.

"सर, त्याच्याबद्दल चांगलं बोललात ना? त्याला घरी पोरगी आहे सर, अजून रांगते. तो म्हणतो यंदा नाही झालं तर सासऱ्याच्या दुकानात बसायचं. त्याचं होऊ दे आधी. माझं काय, मला पुष्कळ वेळ आहे."

मर्लला बोलायचं होतं. नख कापणाऱ्या माणसाने निदान काहीतरी सांगितलं होतं. त्याचं तोंड उघडलं, पण पोरगा तोवर वळला होता. तोंडात दोन बोटं घालून त्याने शिट्टी मारली आणि लेफ्टकडे बघून दोन्ही हात वर केले. डॉयल टिबेटने ताणलेले हात खाली सोडले. तो आधी एझ्राकडे, मग कठड्यापाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे बघत राहिला, आणि मग त्याने टोपी काढून छातीशी धरली. इतक्या लांबूनही तो हसतोय की रडतोय ते मर्लला दिसत होतं. मर्लने हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.